तबकडीवरचे बांध

‘पार्टिशन’ हा शब्द मराठी माणसाच्या घरात संगणकाच्या कितीतरी आधी शिरलेला आहे. प्रथम तो आला कोर्टकचेरीच्या वाटेने. वडिलार्जित जमिनीचा तंटा दिवाणी न्यायालयात गेला की वकील मंडळी त्याला ‘पार्टिशन सूट’ म्हणत. हुकूमनामा झाल्यावर सरसनिरस वाटपाचे काम कलेक्टर कचेरीकडे येई, मोजणीदार साखळी घेऊन शिवारात उतरे, आणि ज्या काळ्या मातीत काल एकच नांगर चालत होता तिच्यात आज भावाभावांमधला बांध पडे. दुसऱ्यांदा तो आला मुंबईच्या चाळींतून. थोरल्या मुलाचे लग्न ठरले की सुताराला बोलावून, आहे त्याच खोलीत फळ्यांची वा प्लायवुडची जी आडभिंत उभी करावयाची, जी छतापर्यंत कधी पोचत नसे आणि जिच्या पलीकडचा खोकला अलीकडे सहज ऐकू येई, तिचेही नाव पार्टिशनच. बांध काय किंवा ही फळ्यांची भिंत काय, दोहोंनी जागा तसूभरही वाढत नाही, उलट भिंतीच्या जाडीइतकी ती कमीच होते; बदलते ते एवढेच की, आपले कोणते आणि दुसऱ्याचे कोणते हे कोणालाही विचारावे लागत नाही.

तिसऱ्यांदा हा शब्द आला तो संगणकाबरोबर. संगणकाचा जो अंतर्गत कारभार, ज्यास पुस्तकी भाषेत कार्यप्रणाली व व्यवहारात ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, तो दर काही वर्षांनी बदलावा लागतो. जुना कारभारी जातो, नवा येतो, आणि येताना तो आपले दफ्तर, आपले शिरस्ते व आपली माणसे बरोबर घेऊन येतो. या राज्यक्रांतीत रयतेच्या, म्हणजे आपण जमविलेल्या पत्रांच्या, हिशेबांच्या व छायाचित्रांच्या, केसालाही धक्का लागू नये म्हणून हार्ड डिस्कचे अगोदरच हिस्से पाडून ठेवावयाचे, एका हिश्श्यात सरकार वसवावयाचे व दुसऱ्यात रयत, आणि सरकार बदलण्याची वेळ आली की पहिला हिस्सा साफ नांगरून दुसऱ्याला बोटही लावावयाचे नाही, अशी ही रीत आहे. ती इतकी सुटसुटीत वाटते की कोणा दूरदर्शी माणसाने याच हेतूने ती योजिली असावी असा समज होणे स्वाभाविक आहे. इतिहास पाहू जाता तसे मुळीच नाही. बांध पडले ते निराळ्याच अडचणींपोटी. त्या अडचणी एकामागून एक दूर झाल्या, बांध मात्र राहिले, आणि राहिले म्हणून कामास आले.

फिरत्या तबकडीवर माहिती साठविण्याचा धंदा सुरू झाला १९५६ साली. आयबीएम कंपनीच्या सॅन होझे येथील मंडळींनी रामॅक या यंत्रासाठी जे साठवणयंत्र घडविले त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका उभ्या दांड्याभोवती फिरत, आणि त्या साऱ्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. आजच्या मोबाइलने काढलेल्या एका छायाचित्राला ती जागा जेमतेम पुरावी. एवढ्या अवाढव्य पण तुटपुंज्या मालमत्तेचे हिस्से कोण पाडणार? यंत्र एक, काम एक, धनी एक. वाटणीचा प्रश्न घरात दुसरा भाऊ आल्यावर निघतो, आणि तो भाऊ आला दहा वर्षांनी. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे आयबीएमच्याच एका संशोधनकेंद्रात १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात सीपी–६७ नावाची प्रणाली तयार झाली, तिच्यात एकाच मोठ्या संगणकावर बसणाऱ्या प्रत्येकास आपल्यापुढे स्वतंत्र संगणक आहे असा भास होई, आणि त्या भासाला शोभेल अशी एक ‘मिनिडिस्क’ त्याच्या वाट्यास येई. वस्तुतः ती मोठ्या तबकडीचा एक लहानसा पट्टा असे. पण वापरणाऱ्याच्या दृष्टीने ती त्याची संपूर्ण तबकडी होती. पुण्याच्या जुन्या वाड्यांतून एका चौकाभोवती दहा बिऱ्हाडे नांदत आणि प्रत्येक बिऱ्हाडाची चूल, मोरी व कडीकोयंडा वेगळा असे, तोच हा प्रकार.

आपल्या विषयाचे खरे मूळ मात्र न्यू जर्सीतील मरे हिल येथे, बेल प्रयोगशाळांच्या इमारतीत सापडते. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी तेथे युनिक्स ही प्रणाली रचली, आणि जुलै १९७४ मध्ये एसीएम या संगणकशास्त्रीय संस्थेच्या मासिकात तिचे जे वर्णन प्रसिद्ध केले त्यात आपल्या यंत्राची मालमत्ताही त्यांनी पंचनाम्याच्या चोखपणाने नमूद केली आहे. पीडीपी–११/४५ या संगणकास १ मेगाबाइटची एक स्थिरशीर्ष तबकडी होती. ज्यांची चकती काढता–घालता येते अशी अडीच मेगाबाइटांची चार यंत्रे होती. आणि ४० मेगाबाइटांचे एक मोठे यंत्र होते. स्थिरशीर्ष तबकडी लहान पण चपळ, कारण तिच्यावरील वाचक–शीर्षांना इकडून तिकडे धावावे लागत नसे. म्हणून कारभाराचे मूळ ठाणे, ज्यास रूट म्हणतात, तेथे वसले. मोठी तबकडी मंद पण ऐसपैस. म्हणून वापरणाऱ्यांच्या फायली तिच्यावर गेल्या, आणि यंत्र सुरू होताच ती मूळ वृक्षाच्या एका फांदीवर जोडली जाई. उरलेल्या चार यंत्रांवर ज्याने त्याने आपापली चकती आणून लावावी. सरकार एकीकडे आणि रयत दुसरीकडे, ही जी विभागणी आपण आज शहाणपणाची म्हणून वाखाणतो, ती झाली ती केवळ एक तबकडी चपळ होती व दुसरी मोठी होती म्हणून.

ज्या फांदीवर ही रयत वसली तिचे नाव ‘यूएसआर’, म्हणजे वापरणारे लोक. थॉम्पसनचे घर तेथे ‘केन’ या नावाने होते आणि रिचीचे ‘डीएमआर’ या आद्याक्षरांनी. पण चपळ तबकडी फार लहान. प्रणालीतील उपकार्यक्रमांची संख्या वाढत चालली तसे ते तेथे मावेनात, आणि सरकारी कचेऱ्यांचा विस्तार गावठाणात शिरावा तसे ते यूएसआरमध्ये शिरले. होता होता त्या वस्तीत कचेऱ्याच कचेऱ्या झाल्या, आणि अखेर मूळ रहिवाशांना तेथून उठवून ‘होम’ नावाच्या नव्या वसाहतीत नेऊन बसवावे लागले. नाव मात्र वापरणाऱ्यांचेच राहिले. एकाच जातीचे कार्यक्रम काही मूळ ठाण्यात आणि काही यूएसआरमध्ये का, याची तात्त्विक उपपत्ती नंतरच्या पिढ्यांनी मोठ्या गांभीर्याने मांडली; त्यामागे एका भरून गेलेल्या तबकडीखेरीज काही नव्हते. ही फारकत मोडून सगळे कार्यक्रम एके ठिकाणी आणण्याचे काम फेडोरा या, युनिक्सच्याच धर्तीच्या लिनक्स प्रणालीच्या, आवृत्तीने अंगावर घेतले ते २०१२ साली, म्हणजे जवळजवळ चार दशकांनी. एवढे दिवस एखादी रूढी टिकली की तिचे कारण विचारण्याची हिंमत शास्त्रज्ञांनाही होत नाही, असे दिसते.

बर्कली विद्यापीठात युनिक्सचा जो शाखाविस्तार झाला त्यात हिश्श्यांना इंग्रजी अक्षरांची नावे मिळाली: ‘ए’ म्हणजे मूळ ठाणे, ‘बी’ म्हणजे स्मृतीतून ओसंडणाऱ्या मजकुराची तात्पुरती कोठी, आणि ‘सी’ म्हणजे संपूर्ण तबकडी. संपूर्ण वस्तूलाच तिचा एक हिस्सा मानणारी ही वाटणी आपल्या दिवाणी न्यायालयात टिकली नसती. सुरुवातीला कोणत्या जातीच्या तबकडीचे हिस्से कोठे पडावयाचे हे तबकडीवर लिहिलेले नसून यंत्रचालक कार्यक्रमाच्या पोटातच कोरलेले असे. बांध इंचभर सरकवावयाचा तर कारभाराचा गाभाच नव्याने घडवावा लागे. हिस्से पाडण्यास त्या काळी व्यावहारिक कारणेही होती. छपाईची वा टपालाची रांग फुगून एक हिस्सा तुडुंब भरला तरी दुसरा मोकळा राही. फितीवर नक्कल काढावयाची ती हिश्श्याहिश्श्याने काढता येई. आणि वीज जाऊन यंत्र अवचित बंद पडले तर जो हिस्सा संशयित तेवढ्याचीच झाडाझडती घ्यावी लागे.

सामान्य माणसाच्या संगणकाची हकीकत यापासून अगदी वेगळी. आयबीएमचा व्यक्तिगत संगणक ऑगस्ट १९८१ मध्ये निघाला तेव्हा त्याला हार्ड डिस्क नव्हतीच. १६० किलोबाइटांच्या फ्लॉपीवर त्याचा संसार चाले, आणि फ्लॉपीची दोन खाचघरे ‘ए’ व ‘बी’ या अक्षरांनी ओळखली जात. मार्च १९८३ मध्ये एक्सटी या नावाने जो पुढचा संगणक आला त्यात १० मेगाबाइटांची हार्ड डिस्क होती, आणि ‘ए’ व ‘बी’ ही अक्षरे आधीच वाटली गेली असल्यामुळे तिला ‘सी’ मिळाले. आज भारतातील शाळकरी मुलगाही ‘सी ड्राइव्ह’ म्हणतो, परंतु ‘ए’ आणि ‘बी’ कोठे गेले हे त्याने कधी विचारल्याचे मी ऐकलेले नाही.

या १० मेगाबाइटांचे हिस्से पाडण्याची सोय डॉस या त्याच्या कार्यप्रणालीच्या त्याच वेळी निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत केलेली होती. येथे जागेची टंचाई हे कारण नव्हते. उलट १० मेगाबाइट भरणार तरी कशाने, असाच त्या वेळी प्रश्न होता. कारण होते भाऊबंदकीचे. सीपी/एम–८६, झेनिक्स व डॉस अशा अनेक प्रणाली त्या काळी बाजारात होत्या, त्यांची फायली ठेवण्याची पद्धत परस्परांस कळत नसे, आणि एकाच तबकडीवर दोघींना नांदावयाचे तर प्रत्येकीस आपली हद्द ठरवून देणे भाग होते. म्हणून तबकडीच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांच्या खणात हक्कनोंदणीचा तक्ता बसविण्यात आला. यांपैकी ४४६ बाइट यंत्रास जाग आणणाऱ्या छोट्या कार्यक्रमास. त्यापुढील ६४ बाइटांत प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी. आणि शेवटचे दोन बाइट ही मोहोर. प्रत्येक नोंदीत हिस्सा कोठे सुरू होतो, किती लांब आहे, त्यात कोणत्या जातीचे पीक आहे, आणि संगणक सुरू होताना याच हिश्श्यास हाक मारावयाची किंवा कसे, एवढा तपशील. सातबाराच्या उताऱ्यात भूमापन क्रमांक, क्षेत्र, खातेदार व पीकपाणी यांच्या जशा ठराविक रकान्यांतून नोंदी असतात, तसाच हा उतारा. आणि उताऱ्याचे सारे गुणदोषही त्यात उतरले आहेत. नोंद पुसली म्हणजे जमीन नाहीशी होत नाही, तिच्यावरील पीकही जागच्या जागी उभे असते. नाहीसा होतो तो फक्त मालकीचा पुरावा, आणि तो नसला की पुढचा नांगर खुशाल आत घुसतो. हा तक्ता लिहिण्या–पुसण्याचे अधिकार एफडिस्क नावाच्या कार्यक्रमाकडे होते, आणि त्याच्या रूक्ष, चित्रहीन पडद्यापुढे बसताना ज्याचे हात थरथरले नाहीत असा त्या पिढीतील मनुष्य विरळा.

नोंदी चारच का, असे पुढे अनेकांनी चिडून विचारले. ज्या घरात १० मेगाबाइटांची इस्टेट आहे त्या घरात चारांपेक्षा अधिक भाऊ हिस्सा मागावयास येतील, ही कल्पनाच तो तक्ता करणाऱ्यांस शिवली नसावी. खरी अडचण मात्र निराळ्याच बाजूने आली. डॉस आपल्या हिश्श्यातील खण सोळा द्विमान अंकांनी मोजत असे. म्हणजे ६५,५३६ खणांपलीकडे त्याची बाराखडी संपे, आणि ५१२ बाइटांचा एक खण धरला तर हिशेब होतो ३२ मेगाबाइट. बाजारात ४० मेगाबाइटांच्या तबकड्या आल्या आणि वरचे ८ मेगाबाइट डोळ्यांसमोर असून हाती लागेनात. १९८७ साली डॉसच्या ३.३ या आवृत्तीने त्यावर तोड काढली ती अशी की, चार नोंदींपैकी एकीला ‘विस्तारित’ म्हणावे आणि तिच्या पोटात पुन्हा लहान लहान हिस्से पाडावेत. अशा रीतीने घराघरांत ‘डी’ जन्मास आला. आपल्या कागदपत्रांचा तारणहार म्हणून ज्याची पुढे कीर्ती झाली, तो मुळात मोजणीच्या एका तोकड्या साखळीचे अपत्य होता. त्याच वर्षी कॉम्पॅक कंपनीने आपल्या डॉसमध्ये ३२ मेगाबाइटांची मर्यादा ओलांडून दाखविली, आणि ‘डी’ची गरज वर्षभरातच संपल्यासारखी झाली. पण ती संपली नाही, कारण अडचणीने तोवर दुसरे रूप घेतले होते. हिस्सा जितका मोठा, तितका त्यातील किमान वाफाही मोठा. १ गिगाबाइटच्या वरचा हिस्सा केला की त्यातील एकेक वाफा ३२ किलोबाइटांचा होई, आणि एका ओळीची चिठ्ठी लिहून ठेवली तरी तेवढी जमीन तिच्या नावे पडे. तेव्हा शहाण्या माणसाने काय करावे, तर मोठी तबकडी घेऊन तिचे लहान हिस्से पाडावेत. १९९६ मध्ये विंडोज ९५च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट–३२ ही नवी पद्धत आली व हेही कारण उरले नाही.

आणि नेमक्या याच सुमारास ही सारी परंपरा आपल्याकडे येऊन पोचली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली येथून सुटे भाग आणून जोडलेला संगणक महाराष्ट्राच्या मध्यमवर्गीय घरांत शिरला तेव्हा तो जोडून देणारा तरुण ‘सी’, ‘डी’, ‘ई’ असे हिस्से पाडूनच देई. का पाडतो असे विचारले तर ‘तसंच करतात’ हे उत्तर. पण त्या उत्तरात अनुभव होता. वीज वेळी–अवेळी जाई, फ्लॉपीतून आणि पुढे पेन ड्राइव्हमधून विषाणू येत, आणि वर्षा–दीड वर्षात कधीतरी ‘विंडोज उडे’. मग दूरध्वनी जाई, तो तरुण खांद्याला पिशवी लावून सायंकाळी येई, चपला दाराशी काढी, आणि पडद्याकडे क्षणभर पाहून निकाल देई: फॉरमॅट मारावा लागेल. मराठी भाषेने हे क्रियापद कोठून उचलले हे शोधण्यासारखे आहे. शिक्का मारतात, मूठ मारतात, फवारा मारतात, तसा फॉरमॅट मारतात, आणि नंतर विंडोज ‘टाकतात’, जणू काही कढईत फोडणी. ‘काका, डेस्कटॉपवर काही ठेवलं नव्हतं ना?’ हा त्याचा ठरलेला प्रश्न असे, आणि तो कधीही निरर्थक नसे. कारण विंडोज आपण होऊन कागदपत्रांचे जे कपाट देत असे, आणि ज्या पडद्यावर घरातील सगळी माणसे सगळ्या वस्तू मांडून ठेवीत, ती दोन्ही ‘सी’च्याच हद्दीत होती. ज्याने सांगितलेले ऐकून सारे ‘डी’मध्ये ठेवले त्याचे काही गेले नाही. ज्याने ऐकले नाही त्याची मुलाच्या मुंजीची छायाचित्रे गेली.

त्या तरुणांतील जे अधिक कुशल होते ते आणखी एक युक्ती करीत. नव्याने बसविलेली, स्वच्छ, सर्व चालक–कार्यक्रमांसह सिद्ध झालेली ‘सी’ घोस्ट नावाच्या कार्यक्रमाने जशीच्या तशी एका फायलीत उतरवून ती शेवटच्या हिश्श्यात दडवून ठेवावयाची. पुढच्या वेळी तीन तासांचे काम पंधरा मिनिटांत होई, आणि मजुरी मात्र तीच. हा कार्यक्रम मूळचा न्यूझीलंडमधील. १९९८ साली सिमॅन्टेक या अमेरिकन कंपनीने तो विकत घेतला, आणि त्याचे नाव आमच्याकडे ‘घोस्ट मारणे’ या रूपाने पार तालुक्याच्या गावापर्यंत पोचले.

या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण ‘डी’वरील लोकांची श्रद्धा मी जवळून पाहिली आहे. बांध हा चोरापासून किंवा पुरापासून रक्षण करीत नाही. ‘सी’ आणि ‘डी’ ही एकाच दांड्याभोवती फिरणाऱ्या तबकड्यांवरील दोन शेते. दांडा मोडला की दोन्ही एकदमच जातात. कारभार बदलताना होणारा उत्पात एवढ्याच एका संकटावर हा बांध गुणकारी आहे, त्याला नकलेचे मोल देणे म्हणजे चाळीतील फळ्यांच्या भिंतीला तटबंदी समजणे होय.

युनिक्सचा आणि घरगुती संगणकाचा असे दोन प्रवाह आतापर्यंत वेगळे सांगितले, ते एकत्र आले हेलसिंकी येथे. जानेवारी १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ३८६ जातीचा संगणक विकत घेतला, त्यावर अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी अध्यापनासाठी लिहिलेली मिनिक्स ही प्रणाली एका हिश्श्यात बसविली, आणि तिच्या आश्रयाने तो स्वतःची प्रणाली लिहू लागला. काही महिन्यांनी विद्यापीठाच्या संगणकाशी दूरध्वनीवरून संधान बांधताना त्याने मोडेमला द्यावयाची आज्ञा चुकून हार्ड डिस्कच्या नावे सोडली, आणि मिनिक्सच्या हिश्श्याचा आरंभच पुसला गेला. त्याच्यापुढे दोन मार्ग होते: मिनिक्स पुन्हा बसवावी, किंवा आपलीच प्रणाली इतकी पुरी करावी की आश्रयदात्याची गरज राहू नये. त्याने दुसरा पत्करला. लिनक्सच्या जन्मकथेत ही एक सामान्य चूक म्हणून सांगितली जाते. मला ती नेहमी शेजारच्या हिश्श्यात चुकून घुसलेल्या नांगराची गोष्ट वाटते, फरक इतकाच की येथे नांगरलेले शेत पड राहिले आणि नांगरणाऱ्याचे फळले.

लिनक्समध्ये बेल प्रयोगशाळेतील ती जुनी विभागणी आणि आयबीएमच्या तक्त्यातील ते चार हिस्से यांचे लग्न लागले, आणि कार्यप्रणाली बदलण्याची आज परिचित असलेली रीत तेथे आकारास आली. लिनक्सच्या अनेक आवृत्त्या झपाट्याने निघत. ऑक्टोबर २००४ मध्ये सुरू झालेल्या उबुंटूने तर दर सहा महिन्यांस नवी आवृत्ती हा नेमच घालून घेतला. चालत्या कारभाराचे कार्यक्रम एकेक करून बदलीत जाणे शक्य होते, परंतु त्यात जुने शिरस्ते व नवे शिरस्ते यांची अशी गुंतागुंत होई की मध्येच कोठे अडले तर ना जुने राज्य राहिले ना नवे आले, अशी अवस्था व्हावी. म्हणून जाणती माणसे तबकडीचे तीन मुख्य हिस्से करीत: दोन कारभारासाठी आणि एक, सर्वांत मोठा, ‘होम’साठी. कारभाराच्या दोन हिश्श्यांपैकी एक चालू आणि दुसरा पड. नवी आवृत्ती आली की ती पड जमिनीत पेरावयाची, ‘होम’चा हिस्सा तिला दाखवावयाचा, पण त्यापुढील फॉरमॅटचा चौकोन रिकामा ठेवावयाचा, आणि यंत्र सुरू होताना लिलो किंवा ग्रब हा द्वारपाल दोन्ही कारभारांची नावे पडद्यावर मांडून कोणास बोलावू असे विचारी. नवे पीक चांगले आले तर जुने रान पुढच्या हंगामासाठी पड. न आले तर यंत्र पुन्हा सुरू करून मुकाट्याने जुन्या कारभारात परत. पाळीपाळीने रान पड ठेवण्याची ही कुणबी अक्कल संगणकाच्या धंद्यात इतक्या उशिरा यावी, याचे नवल वाटते.

या रीतीतही काही खाचखळगे होते. प्रत्येक फायलीचा धनी कोण हे युनिक्स नावाने नव्हे तर अंकाने लक्षात ठेवते. फेडोरा व तिच्या घराण्यातील आवृत्त्या पहिल्या माणसास ५०० हा अंक देत, डेबियन व उबुंटू १००० देत. तेव्हा एका घराण्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या गृहस्थास नव्या कारभारात स्वतःच्याच घराचे दार उघडेना, कारण दफ्तरात तो १००० होता आणि घरावरील पाटी ५००ची होती. नाव तेच, गाव तेच, वारसाचा दाखला मात्र जुळत नाही, अशी ही तऱ्हा. फेडोरानेही २०११ मध्ये १०००चा अंक पत्करला तेव्हा हा वाद मिटला. दुसरा खळगा सूक्ष्म होता. ज्या फायलींचे नाव टिंबाने सुरू होते त्या युनिक्समध्ये यादीत दिसत नाहीत. अगदी आरंभीच्या काळात यादी दाखविणाऱ्या कार्यक्रमात एका ओळीने केलेल्या आळशी सोयीचा तो परिणाम, असे बेल प्रयोगशाळांतच पुढे काम केलेले रॉब पाइक यांनी लिहिले आहे. त्या अदृश्य फायलींत प्रत्येक कार्यक्रम आपल्या सवयी लिहून ठेवी, त्या ‘होम’मध्येच राहत, आणि नव्या आवृत्तीचा कार्यक्रम त्या वाचून गोंधळून जाई. सरकार बदलले तरी रयतेच्या घरांत जुन्या सरकारची फर्माने जपून ठेवलेली, त्यातलाच हा मामला.

माझी स्वतःची फजिती झाली ती मोजण्यात. जुना ग्रब हिस्से शून्यापासून मोजी आणि लिनक्स एकापासून. म्हणजे द्वारपाल ज्यास पाचवा म्हणे तो घरमालकाच्या हिशेबी सहावा. हे मला पाठ होते, इतरांना मी ते समजावूनही सांगत असे, आणि तरीही एका रविवारी दुपारी, जेवणानंतरच्या सुस्तीत, पड रान समजून मी ज्या हिश्श्यापुढे फॉरमॅटची खूण केली ते माझे ‘होम’ निघाले. दोन वर्षांचा पत्रव्यवहार आणि एका पुस्तकाची अर्धी झालेली सूची त्यात गेली. दोष कोणाचाच नव्हता, माझ्याखेरीज.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येण्यासारखा आहे, कारण तो आता माणसाच्या हातून यंत्राच्या हाती गेला. आयबीएमचा तो ६४ बाइटांचा उतारा २ टेराबाइटांपलीकडे मोजू शकत नसे. त्याच्या जागी इंटेलच्या पुढाकाराने जीपीटी हा नवा तक्ता आला, ज्यात सर्वसाधारणपणे १२८ नोंदींची सोय असते आणि तबकडीच्या शेवटी सबंध तक्त्याची दुसरी प्रत ठेवलेली असते. मूळ कागद वाळवीने खाल्ला तर नक्कल असावी, हे कोणत्याही तलाठ्यास ठाऊक असलेले तत्त्व पाळण्यास १९८३च्या तक्त्यात जागाच नव्हती. सन मायक्रोसिस्टिम्सच्या सोलारिस ८ मध्ये चालू कारभाराची नक्कल दुसऱ्या हिश्श्यात काढून तिच्यावर सुधारणा करण्याची व मग एका पुनरारंभात तिकडे जाण्याची अधिकृत सोय झाली. २०११ साली आलेल्या क्रोमबुकांत कारभाराच्या दोन प्रती मुळातच असत. यंत्र एकीवर चालू असताना दुसरीत नवी आवृत्ती गुपचूप उतरे, आणि ती नीट उभी राहिली नाही तर यंत्र आपण होऊन पहिलीकडे परते. २०१६ मध्ये अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीने हीच व्यवस्था फोनमध्ये आणली. २०१९ मध्ये अ‍ॅपलने मॅकच्या कारभाराला स्वतंत्र, लिहिता न येणाऱ्या विभागात बसविले व माणसाचे सामान शेजारच्या विभागात. येथे बांध आहे पण जमीन सामाईक आहे, ज्याला जितकी लागेल तितकी त्याने वापरावी. मरे हिलमधील ती चपळ तबकडी आणि ती ऐसपैस तबकडी यांची फारकत, ज्या कारणाने ती झाली ते कारण नष्ट होऊन गेल्यावर, अशी कायम झाली.

पिशवी घेऊन सायंकाळी येणारा तो तरुण आता येत नाही. त्याचे दुकान त्याच गल्लीत आहे, पण तो मोबाइलच्या काचा बदलतो. परवा एक जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी मी त्यातील ‘डी’ उघडून पाहिला. त्यात ‘सी मधले जुने’ या नावाचा एक फोल्डर होता, कोणत्या तरी फॉरमॅटच्या आधी घाईने उचलून ठेवलेला. त्याच्या आत काही पत्रे, विजेची बिले, एका लग्नाची छायाचित्रे, आणि ‘सी मधले जुने’ या नावाचा आणखी एक फोल्डर. त्याच्याही आत तसाच तिसरा होता. त्यातली सर्वांत जुनी फाइल २००१ सालची, डॉसच्या काळातल्या फॉन्टमध्ये लिहिलेली, जो फॉन्ट आता कोणत्याच यंत्रावर नाही. अक्षरे दिसत होती, पण ती वाचता येत नव्हती. मी ती तशीच नव्या यंत्रावर उतरवून घेतली, त्याच नावाच्या फोल्डरात.